टक आला का?

सुपडूअण्णा महाजन बॉनेटमध्ये डोकं घालून उभे दिसले, की शहाण्या माणसानं दुसऱ्या गल्लीनं जावं, असा बुऱ्हाणपूरच्या आमच्या लालबागेत अलिखित नियम होता. कारण त्यांच्या नजरेला पडलेल्या माणसाला ते हाताला धरून गाडीशी आणत, एक बोट बॉनेटवर टेकवत, अंगठ्यानं काहीतरी दाबत आणि विचारत, "टक आला का?" मग तो माणूस दुधाला निघालेला असो, लग्नाला असो, नाहीतर मयतीला. टक आला असेल तर सुटका, नसेल तर येईपर्यंत थांबायचं. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहत होतो, त्यामुळे मला दुसरी गल्लीच नव्हती.

हा टक म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. गाडीचं बॉनेट उघडल्यावर आपण सगळे खाली इंजिनाकडे बघतो. वर, झाकणाच्या आतल्या अंगाला, एक काळी गादी असते, ती कोणी बघत नाही. इंजिनाची धग आणि आवाज ती गादी अडवते. काळ्या प्लॅस्टिकच्या नाण्याएवढ्या क्लिपांनी ती टाचलेली असते. अण्णा त्यांना बटणं म्हणत. बटणाच्या मध्ये एक खिळी असते. ती वर ओढली की बटण सैल पडतं, बटण भोकात बसवून खिळी आत दाबली की ते पकड घेतं, आणि पकड घेताना बारीकसा आवाज येतो. तोच टक. गावातले गॅरेजवाले ही बटणं पक्कडीनं उपटत, त्यातली निम्मी तुटत, मग तिथं तार पिळून देत. अशी तार दिसली की अण्णांचं पित्त खवळायचं.

"शर्टाचं बटण तुटलं तर तू तार बांधतो का रे?" ते गाडीच्या मालकाला विचारत. "मंग गाडीनंच काय पाप केलं?"

अण्णा मूळचे मिलमधले. मागाची दुरुस्ती करणारे कारागीर. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी बुऱ्हाणपुरात मागांच्या पोटात हात घातले, आधी मिलमध्ये आणि नंतर पॉवरलूमच्या शेडांमध्ये. पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा शेड सुटली. त्याच सुमारास आमचा जिल्हा खंडव्यापासून वेगळा झाला, नवी दफ्तरं आली आणि त्यांच्या मागोमाग गावात नव्या बनावटीच्या छोट्या गाड्या यायला लागल्या. तोवर आमच्याकडे गाडी म्हणजे डॉक्टरांची नाहीतर केळीच्या व्यापाऱ्याची. आता माझ्यासारख्या दफ्तरातल्या बाबूनंही जुनी का होईना, एक पांढरी गाडी घेतली होती. अण्णांनी ती पहिल्याच दिवशी उघडून बघितली. इंजिनाला त्यांनी हात लावला नाही. "ते माह्या समजुतीचं नही," म्हणाले. मग वर बघितलं, तारेचे चार पीळ मोजले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ते पिळले होते.

त्या दिवसापासून गादी हा त्यांचा प्रांत झाला. गादीच्या मागं उंदरांनी घर केलं, गादी लोंबायला लागली, आतलं काही धुवायचं झालं, की लोक गाडी अण्णांच्या ओट्याशी लावत. त्यांचं हत्यार एकच, मागाच्या फणीतून धागा ओढायची चपटी पितळी आकडी. ती बटणाखाली सरकवून ते खिळी अशी अलगद उचलत, की झोपलेल्या पोराच्या पायातला काटा काढतायत असं वाटावं. निघालेलं प्रत्येक बटण ओट्यावर अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर, बॉनेटवर जशी होती तशाच मांडणीत ठेवायचं. मी एकदा विचारलं, सगळी सारखीच तर दिसतात, कुठलंही कुठंही लावलं तर काय होतं?

"तू माह्या घरात येऊन झोपशील का?" अण्णा म्हणाले. "झोपशील. पन तुले झोप नही येणार अन् मलेबी नही. ज्याचं भोक त्याले सवयीचं असते, भाऊ."

नवी बटणं थंडीत लावताना फुटतात, म्हणून ती आधी कोमट पाण्यात टाकायची, ही त्यांची युक्ती. युक्ती चांगली होती, फक्त त्यासाठी ते आपल्या बायकोचं, देवकाकाकूंचं, चहाचं पातेलं घेत. काकूंना याचा पत्ता लागला तो पाहुण्यांसमोर चहा गाळताना, गाळणीत बटण आल्यावर. त्यावर अण्णांचं म्हणणं एवढंच, की पातेल्याला काय फरक पडतो, चहाही उकळतो आणि बटणही. काकूंनी आठ दिवस त्यांना त्याच पातेल्यातला चहा दिला आणि स्वतः समोर आमच्याकडे येऊन चहा प्यायल्या. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्या घरी चहाला नाही म्हणताना पोटाचं कारण सांगत असे.

आता मुख्य गोष्ट. अण्णांना ऐकू येत नव्हतं. मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठून येणार? पण हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते हल्ली लोकच हळू बोलायला लागले होते. बोलण्यात मात्र त्यांचं काही अडत नसे, कारण शेडमध्ये कोणालाच कोणाचं ऐकू जात नाही, तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतात. अण्णा तर रस्त्याच्या पलीकडचं वाचत. एका सकाळी मी आमच्या ओट्यावर उभा राहून बायकोला अगदी हळू म्हणालो, "म्हाताऱ्यानं पुन्हा कुणाची तरी गाडी उघडलीय, मी आपला मागच्या दारानं सटकतो." समोरून अण्णा ओरडले, "मागच्या दारानं जाऊ नको, नालीवरची फरशी निघेल आहे, पडशील!" बायको पदरात तोंड लपवून आत गेली. मी पुढच्याच दारानं गेलो आणि दफ्तरात पाऊण तास उशिरा पोचलो.

पण बटणांना ओठ नसतात. पूर्वी बोटांना टक कळायचा. पुढं साखरेच्या दुखण्यानं बोटांची टोकं बधिर झाली आणि अण्णांना दुसऱ्याच्या कानांवर अवलंबून राहावं लागलं. सगळ्यात जवळचे कान माझे होते. बटण दाबायचं, माझ्या तोंडाकडे बघायचं, माझ्या ओठांवर "आला" दिसलं की पुढच्या बटणाकडे जायचं, अशी आमची पद्धत बसली होती. खरं सांगायचं तर मला ते काम कंटाळवाणं वाटायचं. आणि त्या कंटाळ्यातून जे घडलं, ते सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

अण्णांची एकुलती मुलगी सुमन डोईफोडिया गावी दिलेली. जावई शेतकरी, केळी आणि कापूस करणारा, मोठ्या कष्टानं त्यानं एक जुनी गाडी घेतली होती. एका रविवारी ते दोघं आपल्या चार महिन्यांच्या मुलीला घेऊन आले होते. जावयाच्या गाडीच्या गादीमागं उंदरांनी कापसाचा संसारच थाटला होता. अण्णांनी गादी काढली, झाडली, उन्हात टाकली आणि दुपारी नवी बटणं घेऊन परत लावायला बसले. बसण्याआधी मला हाक मारली. नेमकी त्या वेळी टीव्हीवर मॅच रंगात आली होती.

मी गेलो, पण माझे कान घरातच राहिले. आठ-नऊ बटणं झाली. मग आमच्या घरातून मोठ्यानं आरडाओरड झाली, कोणीतरी बाद झालं होतं, आपलं की त्यांचं ते कळेना. अण्णा माझ्याकडे बघत होते. "टक आला का?" मी म्हणालो, "आला." पुढचं बटण. "आला का?" "आला, अण्णा, आला." ती शेवटची दोन बटणं होती. दोन्हींचा टक मी ऐकला नव्हता.

संध्याकाळी डोईफोडियाच्या रस्त्यावर, वस्ती अजून दूर असताना, गादीचं एक टोक सुटून तापलेल्या इंजिनावर लोंबलं. आधी वास आला, मग धूर. जावयानं गाडी थांबवली, सुमनताई लेकीला छातीशी धरून खाली उडी मारल्यासारखी उतरली. जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं माती टाकली. कोणाला काही झालं नाही. गादीचा अर्धा भाग जळाला आणि बॉनेटचा रंग फुगून आला, एवढंच. पण ही बातमी अण्णांना फोनवरून नव्हे, दुसऱ्या दिवशी जावयाच्या तोंडून, त्याच्या ओठांवरून कळली. जावई काही वाईट बोलला नाही. फक्त म्हणाला, "मामा, बटण बसलं नव्हतं वाटते." अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून अण्णांनी काम सोडलं. आकडी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. कोणी गाडी आणली तर दोन्ही पंजे पुढं करून दाखवायचे आणि म्हणायचे, "हे गेले, भाऊ. आता यांचा भरवसा नही." आणि मी? मी समोरच्या ओट्यावर पेपर धरून बसायचो, तोंडासमोर, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसू नयेत. सरकारी दफ्तरात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला एक विद्या येते: प्रकरण तसंच ठेवलं की ते आपोआप जुनं होतं. मी ते जुनं होण्याची वाट बघत होतो.

ते जुनं होईना. अण्णा घरात बसून काकूंचा जीव खायला लागले. "यांले कोणी कामाले लावा हो," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या. "काल माह्या सगळ्या डब्याची झाकणं काढून पाह्यली, कोन्तं घट्ट बसते अन् कोन्तं नही. मसाल्याच्या डब्याले म्हणे माप चुकलं." आम्ही हसलो. हसता हसता काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमन आलीय दोन दिवसांसाठी. पोरीले घेत नही ते. सुमननं पुढं केली तर हात मागं घेतले. म्हणे, माह्या हातात नको देऊ, सुटली तर?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, तरीही बघितलं. मी चपला घातल्या आणि समोर गेलो.

अण्णा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मनाला लाज वाटत असली की माणूस खाली बघून पुटपुटतो, पण बहिऱ्या माणसासमोर पुटपुटून कबुली द्यायची सोय नसते. मला त्यांच्या समोर उजेडात बसावं लागलं, मान वर ठेवावी लागली आणि एकेक शब्द स्पष्ट उच्चारावा लागला. "अण्णा, त्या दिवशी शेवटच्या दोन बटणांचा टक मी ऐकला नव्हता. मॅचकडे लक्ष होतं. आला म्हणून खोटंच सांगितलं."

"पुन्हा बोल."

मी पुन्हा बोललो.

"सावकाश बोल. सगळं."

तिसऱ्यांदा सांगताना माझे डोळे भरून आले. अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाले, "जिंकलो का?"

"काय?"

"मॅच. जिंकलो का आपण?"

"नाही. हरलो."

"म्हणजे हरलोबी अन् गादीबी जळाली," अण्णा म्हणाले. ते उठले, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पुसले, आणि आत जाऊन सुमनताईच्या मांडीवरून नात उचलून घेतली. कोणाला विचारलंही नाही. तिला घेऊन ते बाहेर आले, गल्लीत मधोमध उभे राहिले, आणि बहिरी माणसं ज्या पट्टीत बोलतात त्या पट्टीत, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "माहे हात चांगले आहेत! हा मधू खोटं बोलला होता!"

मग माझ्याकडे वळून खरे चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवरून. "दोन महिने! दोन महिने मी शेंगा सोलू राह्यलो! तुले तवाच सांगता नही आलं?" मी मान खाली घातली. "वर पाहा, तुझं तोंड दिसत नही," ते म्हणाले. "अरे, नही आला तर नही म्हणायचं. नही म्हटलं तर मी पुन्हा दाबतो, काय बिघडते? हो म्हटलं की मी हात काढून घेतो ना."

त्यानंतर कित्येक वर्षं माझी नव्या माणसाशी ओळख करून देताना अण्णा म्हणायचे, "हे आमचे मधुकरबाबू. दफ्तरात आहेत. खोटं बोलतात, पन कबूल करतात. असा पहिलाच पाह्यला मी." आमच्या साहेबांनाही त्यांनी हेच सांगितलं. माझी बढती दोन वर्षं लांबली ती त्यामुळं असं बायकोचं मत होतं, पण ते मी कधी अण्णांच्या समोर उच्चारू दिलं नाही. जावयाच्या गाडीला अण्णांनी नवी गादी स्वतः लावून दिली. टक ऐकायला मीच होतो. त्या दिवशी मी चार वेळा "नाही आला" म्हणालो, त्यातल्या दोन वेळा तर आला होता, पण मला धीर होईना.

पुढं साखरेनं त्यांची मूत्रपिंडं धरली. इंदूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं होतं. मी रजा टाकून गेलो, तर जावई बाहेरच्या बाकावर बसलेला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता औषधाचा उपयोग नाही, पंधरा दिवस, फार तर महिना. त्यानं काकूंनाही नीट सांगितलं नव्हतं. सुमनताईला तर फोनवर सांगितलं होतं की तब्येत सुधारतेय, तू लेकीची शाळा बुडवून येऊ नकोस. आम्ही दोघंही चेहरे ठीकठाक करून आत गेलो.

अण्णा अंथरुणावरून आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले. जावई म्हणाला, "मामा, आठ-दहा दिवसांत घरी." काकू म्हणाल्या, "रंग उजळला आज." अण्णांनी काकूंना चहा आणायला पाठवलं आणि जावयाला त्यांच्या सोबतीला. मग मला म्हणाले, "मधू, खिडकीकडं बस. उजेडात. डॉक्टर काय म्हणला?"

मी खिडकीशी जाऊन बसलो.

"बाकीच्यांले विचारून काही फायदा नही," ते म्हणाले. "त्यांचं अजून बोलून व्हायचं आहे. तुझं खोटं एकदा बोलून झालं. तू सांग."

मी सांगितलं. पंधरा दिवस म्हणालो, महिना म्हणालो, औषधाचा उपयोग नाही हेही म्हणालो. त्यांचं लक्ष माझ्या ओठांवर होतं, डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही, आणि ते बरं झालं. सांगून झाल्यावर त्यांनी छताकडे बघितलं, आणि म्हणाले, "मंग ह्या नळ्या कायले लावल्या? घरी चाला. अन् सुमनले फोन कर, चार दिवसाचे कपडे नको आणू म्हणावं, जास्त आण."

जावई माझ्यावर फार चिडला. "तुमाले काय अधिकार होता?" असं त्यानं हॉस्पिटलच्या जिन्यात विचारलं. काकू परतीच्या सगळ्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. सुमनताई तर लालबागेत आल्यावर माझ्या घरासमोरून गेली आणि मान फिरवून गेली. अण्णा घरी अकरा दिवस होते. मी रोज जायचो, दाराशी उभा राहायचो आणि आतलं बोलणं थांबायच्या आत परत फिरायचो.

तेराव्याची पंगत उठल्यावर सुमनताई आमच्या ओट्यावर आली. मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "बसा, दादा." मग स्वतःही बसली.

"मी तुमच्यावर लई रागावली होती. असं कोणी तोंडावर सांगते का, वाटलं. पन तुम्ही सांगलं नसतं तर मी डोईफोडियालेच राह्यली असती, बरे आहेत म्हणून. मले अकरा दिवस भेटले. पयले तीन दिवस तर आम्ही भांडलोच. माह्या लग्नापासूनचं सगळं काढलं त्यांनी, मीबी काढलं. मंग झालं सगळं बोलून. शेवटी काही बोलायचं राह्यलंच नही, नुसते बसत होतो."

हे सांगताना ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिची लेक आता चांगली पाच-सहा वर्षांची झाली होती, तिनं येऊन आईचा पदर ओढला आणि आजीनं बोलावलंय म्हणाली. सुमनताई डोळे पुसून उठली, आणि जाताना मला म्हणाली, "दादा, तुम्हीबी या घरी. आई विचारू राह्यली, मधू जेवला का म्हणून."